पट्टेदार राखाडी माती: सीआय, एमएल की सिल्टी क्ले लोम? हिमनदीच्या सरोवरातल्या गाळाचं वर्गीकरण

ट्यूब_सॅम्पल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्याकडे हिमाचलमधल्या लाहौल भागातल्या एका कामाचे नमुने तपासणीला आले आहेत. १०० मिमी व्यासाच्या ट्यूब आणि काही पोत्यांतली सुटी माती. माती राखाडी, हाताला मऊ. ट्यूबमधून बाहेर काढल्यावर फिकट आणि गडद असे आडवे पट्टे दिसतात. फिकट पट्टा साधारण १० मिमी, गडद ५ मिमीच्या आसपास. भूवैज्ञानिकांच्या टिपणात 'हिमनदीच्या सरोवरातला गाळ' एवढंच लिहिलं आहे.

एका खोलीवरच्या नमुन्याचे आमचे निकाल: लिक्विड लिमिट (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते) ३८, प्लास्टिसिटी इंडेक्स (लिक्विड लिमिट वजा प्लास्टिक लिमिट) १५, क्ले (२ मायक्रॉनहून बारीक कण) ३४ टक्के, सिल्ट (क्लेपेक्षा जाड, वाळूपेक्षा बारीक) ६१, वाळू ५, नैसर्गिक ओलावा ३६ टक्के. आम्ही सीआय (मध्यम प्लास्टिसिटीची क्ले) लिहिलं. त्याच बोअरमध्ये मीटरभर खालचा नमुना दुसऱ्या लॅबने केला, त्यांचं लिक्विड लिमिट २९ आणि इंडेक्स ६, नाव एमएल (कमी प्लास्टिसिटीची सिल्ट). मृदाशास्त्राच्या एका मॅडमनी आमचेच आकडे पाहून 'ही तर सिल्टी क्ले लोम' म्हटलं. अहवालात नक्की काय लिहायचं? आणि आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी ही फुगेल का? सल्लागार सीएनएसचा (न फुगणाऱ्या चिकट मातीचा) थर विचारतायत.

चाळणी_७५

तिन्ही नावं आपापल्या पद्धतीने बरोबर आहेत, आणि तरी अहवालात यातलं एकही नुसतं लिहू नका. आधी आकडे पाहू.

भारतीय मानक आयएस १४९८ (१९७०) प्रमाणे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून निम्म्याहून जास्त माती गेली की ती बारीक कणांची. मग क्ले आणि सिल्ट वेगळी करणारी ए-लाइन: इंडेक्स = ०.७३ × (लिक्विड लिमिट − २०). तुमच्या ३८ ला ए-लाइन १३.१ वर येते. तुमचा इंडेक्स १५, म्हणजे रेषेच्या वर. लिक्विड लिमिट ३५ ते ५० मध्ये, म्हणून सीआय. दुसऱ्या लॅबच्या २९ ला रेषा ६.६ वर येते, त्यांचा इंडेक्स ६, रेषेच्या जेमतेम खाली, म्हणून एमएल. पण प्लास्टिक लिमिटच्या (मातीची ३ मिमीची वळी तुटू लागते त्या ओलाव्याच्या) चाचणीत एका टक्क्याचा फरक दोन माणसांच्या हातातही पडतो. तिथे इंडेक्स ७ आला असता तर नाव सीएल-एमएल (क्ले आणि सिल्टच्या सीमेवरची) झालं असतं. अर्ध्या टक्क्यावर उभ्या असलेल्या नावावर भांडण्यात अर्थ नाही.

खरी चूक वेगळीच आहे. आपल्याकडे सवय अशी की ट्यूबमधली माती काढायची, वाळवायची, खलबत्त्यात फोडायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची आणि सगळी एकत्र मळायची. काळ्या मातीला हे चालतं, कारण ती वरून खालपर्यंत जवळपास सारखी असते. पट्टेदार मातीत तुम्ही दोन वेगळ्या माती एकत्र मळता. समजा गडद पट्ट्याचं लिक्विड लिमिट ५२, इंडेक्स २८ आणि फिकट पट्ट्याचं २६ आणि ५ आहे. पहिला सीएच (जास्त प्लास्टिसिटीची क्ले), दुसरा सीएल-एमएल. कोरड्या वजनाने दोन्ही सारखे घेतले तर सरासरी ३९ आणि १६.५, म्हणजे सीआय. तुमच्या निकालाच्या किती जवळ आलं बघा. ही सीआय माती त्या जमिनीत कुठेच नाही, ती तुमच्या खलबत्त्यात तयार झाली. आणि त्या दुसऱ्या लॅबच्या मुठीत फिकट पट्टे जास्त आले असतील तर एमएल येणारच.

ओलाव्याचंही तसंच. ३६ टक्के ही दोघांची सरासरी. त्यात गडद थरात ५० आणि फिकट थरात २२ टक्के असू शकतात. वरच्या उदाहरणातला गडद थर घ्या: प्लास्टिक लिमिट २४, मग लिक्विडिटी इंडेक्स (५० − २४) ÷ २८ = ०.९३. म्हणजे माती जवळजवळ लिक्विड लिमिटवर बसलेली. फिकट थराचा तोच आकडा फक्त ०.२. सरासरीत ०.८७ दिसतो आणि दोन्ही थर झाकले जातात.

म्हणून ट्यूब अशी उघडा. एक्स्ट्रूडरवर नमुना हळू बाहेर घ्या, तारेच्या करवतीने उभा चिरा. चिरलेला भाग पट्ट्यांना समांतर दिशेने सुरीने खरवडा. उभं खरवडलंत तर एका पट्ट्याची माती दुसऱ्यावर फासली जाते. मग तो अर्धा भाग सावलीत काही तास ठेवा. फिकट थरातलं पाणी आधी उडतं आणि पट्टे स्पष्ट उठून दिसतात. अर्धवट वाळल्यावर हलक्या हाताने वाकवलंत तर खारीचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटतात, तेही सिल्टच्या पट्ट्यातून. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि प्रत्येक पट्ट्याची जाडी लिहून घ्या. पूर्ण वाळू देऊ नका, मग सगळं एकाच रंगाचं दिसतं. नमुन्याचा दुसरा अर्धा भाग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मेण लावून ठेवा.

काठाची ६–७ मिमी माती टाकून द्या, ट्यूब घुसताना तिथले थर खाली ओढले जातात. उरलेल्या ८६ मिमी व्यासाच्या चकतीत ५ मिमीच्या एका गडद थरात जेमतेम ३०–३५ ग्रॅम कोरडी माती मिळते. लिक्विड लिमिटला १२० ग्रॅम लागते, म्हणजे पूर्ण चकत्या घेतल्या तर चार गडद थर, आणि चिरलेला अर्धाच भाग वापरला तर आठ एकत्र करा. गडदच, फिकट मिसळू नका. ओव्हनमध्ये मुळीच घालू नका, हवेवर वाळवा. पाणी मिसळून २४ तास झाकून ठेवा आणि मगच लिक्विड लिमिटचा कॅसाग्रांडे कप (मातीत खाच पाडून आपटायची वाटी) फिरवा. फिकट थराला कॅसाग्रांडे कपात खाच मिटत नाही, बाजूच सरकून येतात आणि आकडा फसवा येतो. त्याला ८० ग्रॅमचा शंकू वापरा, २० मिमी घुसण्याचा ओलावा घ्या. ३ मिमीची वळी होतच नसेल तर 'नॉन-प्लास्टिक' लिहा, ओढूनताणून इंडेक्स काढू नका.

गाळ_आणि_खडक

वरचं अगदी बरोबर. हे पट्टे बनतात कसे ते कळलं की थर वेगळे का ठेवायचे तेही समजतं.

हिमनदी खडक दळते. त्यातून निघणारं पीठ रासायनिक झिजेतून आलेलं नसतं: क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक, क्लोराइट, इलाइट, कधी चुनखडीचा चुरा. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी हे सगळं सरोवरात आणतं. स्टोक्सच्या नियमाने ०° सेल्सिअसच्या पाण्यात २० मायक्रॉनचा कण दिवसाला साधारण १७ मीटर खाली जातो, म्हणजे ३० मीटर खोल सरोवराचा तळ दोन दिवसांच्या आत गाठतो. २ मायक्रॉनचा कण दिवसाला १७ सेंटिमीटर, त्याच तळाला सुमारे पावणेसहा महिने. उन्हाळ्यात सिल्ट बसते. हिवाळ्यात वर बर्फ धरतो, वारा आणि प्रवाह थांबतात, आवक बंद होते, तेव्हाच क्ले शांतपणे उतरते. फिकट आणि गडद अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. स्वीडनचे भूवैज्ञानिक जेरार्ड डी गीअर यांनी या जोडीला व्हार्व्ह नाव दिलं आणि त्या मोजून हिमयुगानंतरचा कालक्रम लावला.

१ मायक्रॉनचा कण मात्र दिवसाला चारच सेंटिमीटर उतरतो, म्हणजे एकट्याने तळाला पोचायला दोन वर्षं. कण एकमेकांना चिकटल्याशिवाय ते हिवाळ्यात खाली येत नाहीत. म्हणून अशी सरोवरं वर्षभर दुधाळ दिसतात. पाणी गोडं असणंही महत्त्वाचं. खाऱ्या पाण्यात क्लेचे लगेच गोळे होतात, सिल्टबरोबरच ते बसतात आणि पट्टा पडत नाही. नॉर्वेची प्रसिद्ध क्विक क्ले अशी समुद्रात बसलेली माती आहे. तिचे गुणधर्म या सरोवराच्या मातीला लावू नका.

पट्टे दिसले म्हणून लगेच व्हार्व्ह म्हणायचं नाही, हे मात्र आग्रहाने सांगतो. पुराच्या प्रत्येक लोंढ्यानेही सिल्ट-क्लेची जोडी पडते, एका वर्षात अनेक. सिल्टपासून क्लेपर्यंत कण हळूहळू बारीक होत गेले असतील तर लोंढ्याचा संशय घ्या. ऋतूच्या जोडीत गडद थराची खालची सीमा बऱ्याचदा तीक्ष्ण असते आणि गडद थरांची जाडी साधारण सारखी राहते. क्लेमध्ये एकटादुकटा खडा रुतलेला आणि त्याच्याखालचे पट्टे दबून वाकलेले दिसले तर तो तरंगत्या बर्फातून पडलेला, आणि ती खूण भक्कम. हिमालयात दरड कोसळून अडलेली सरोवरंही पुष्कळ आहेत. काश्मीरच्या करेवाला (जुन्या सरोवराच्या गाळाला) सरसकट हिमनदीचा गाळ म्हणतात, पण ते खोरं पीर पंजाल उचलला गेल्यामुळे अडलं आणि त्यात नदीचाही गाळ आहे. उलट गढवालमधलं गोटिंग आणि पिथौरागडमधलं गर्ब्यांग ही जुन्या हिमनदीच्या सरोवरांची चांगली उदाहरणं. गर्ब्यांग गाव अशाच गाळावर बसलेलं आहे आणि तिथली जमीन खचत राहते.

महाराष्ट्रातही हे आहे, फक्त दगड होऊन. चंद्रपूरजवळ इरई इथे हिमनदीने ओरखडलेला खडक आणि त्यावर तालचीर थर आहेत, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. तालचीरमधला हिरवट शेल सुईसारख्या तुकड्यांत फुटतो. पट्टेदार गाळ दगड झाल्यावर कसा दिसतो हे पुण्याच्या विद्यार्थ्यांनी हिमालयाआधी तिथे जाऊन पाहावं.

शेतमाती

सिल्टी क्ले लोम का म्हटलं असेल ते सांगते. आयएसमध्ये सिल्टची वरची मर्यादा ७५ मायक्रॉन, अमेरिकन कृषी पद्धतीत ५०. तिथे क्ले २७ ते ४० टक्के आणि वाळू २० टक्क्यांपर्यंत असली की सिल्टी क्ले लोम. तुमची क्ले ३४. ५० ते ७५ मायक्रॉनमधले कण वाळूत गेले तरी वाळू २० च्या आत राहील, म्हणून नाव बरोबर. गडद पट्टा वेगळा केलात तर क्ले ४० च्या वर आणि सिल्टही ४० टक्क्यांच्या वर असेल तर तो सिल्टी क्ले, सिल्ट ४० च्या खाली गेली तर नुसता क्ले. फिकट पट्टा बहुतेक सिल्ट लोम, आणि सिल्ट ८० च्या पुढे व क्ले १२ च्या आत असेल तर नुसता सिल्ट.

पोत आणि प्लास्टिसिटी ही दोन वेगळी मापं आहेत, एकावरून दुसरं ठरवू नये. वरच्या हातभर जमिनीत गोठणं-वितळणं, मुळं आणि किडे यांनी पट्टे मिसळून जातात. तिथे एकत्र नमुना घेणं योग्यच. खालच्या न हललेल्या गाळाला नाही. शेतीत या मातीचा त्रास म्हणजे पावसानंतर धरणारी पापडी आणि खाली न झिरपणारं पाणी. भेगा काळ्या मातीसारख्या खोल जात नाहीत.

हायड्रोमीटरबद्दल (कण किती वेगाने बुडतात यावरून त्यांचा आकार मोजण्याच्या चाचणीबद्दल) एक. चुनखडीचा चुरा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाची पूर्वप्रक्रिया त्या मातीचे खरे कणच विरघळवते. एकदा आम्लाने आणि एकदा आम्लाशिवाय करा आणि दोन्ही आकडे द्या. माती सुटी करायला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट ३३ ग्रॅम आणि सोडियम कार्बोनेट ७ ग्रॅम एक लिटरमध्ये, त्यातलं १०० मिली. जारचा वरचा भाग तासाभरात नितळ झाला आणि खाली कापसासारखा थर बसला तर माती सुटलेली नाही, गोळे झालेत. ती चाचणी रद्द करा.

ट्यूब_सॅम्पल

मनापासून आभार सगळ्यांचे. जारची शंका खरी निघाली: दोन जारमध्ये वर नितळ पाणी होतं, ते परत लावलेत. शिवाय जार खिडकीजवळ होते, दुपारी आणि पहाटे तापमानात बराच फरक पडतो. फुगण्याचा आणि पायाचा मुद्दा राहिला. कुणी सांगाल?

चाळणी_७५

तापमानाचं आधी. २७° ला १० सेंटिमीटर खोलीवर २ मायक्रॉनचं वाचन साडेसहा तासांच्या सुमारास येतं, २०° ला पावणेआठ तासांनी. पुण्यात एप्रिलमध्ये दिवस-रात्रीचा फरक एवढा सहज पडतो. जार स्थिर तापमानाच्या टाकीत ठेवा. अभ्रकाचे पापुद्रे गोल कणापेक्षा सावकाश बुडतात, म्हणून या मातीत हायड्रोमीटर क्ले थोडी जास्तच दाखवतो हेही अहवालात लिहा.

फुगण्याचं: प्लास्टिसिटी इंडेक्सला क्लेच्या टक्क्याने भागा. १५ ÷ ३४ = ०.४४, ही मातीची सक्रियता. स्केम्प्टनच्या मापात ०.७५ च्या खाली माती निष्क्रिय. काळ्या मातीत हा आकडा एकच्या वर सहज जातो, कारण तिथे बेसॉल्ट झिजून झालेलं स्मेक्टाइट (पाण्याने फुगणारं क्ले खनिज) आहे. तुमचा आकडा दळलेल्या पिठाशी जुळतो. तरी फ्री स्वेल (सुटी माती पाण्यात किती फुगते ती चाचणी) करून टाका, गडद थराचीच: १० ग्रॅम पाण्यात, १० ग्रॅम केरोसिनमध्ये, २४ तास. सक्रियता आणि फ्री स्वेल दोन्ही कमी आले तर सीएनएसचा खर्च कशासाठी?

पण 'हिमनदीची म्हणजे न फुगणारी' असं सूत्र करू नका. पीठ कुठल्या खडकाचं आहे यावर ते ठरतं. उत्तर अमेरिकेच्या हिमयुगातल्या अगासी सरोवराच्या तळात क्रिटेशियस शेलचं स्मेक्टाइट आलं आणि विनिपेग-फार्गोकडची माती चांगलीच फुगते. तिकडच्या फार्गो मातीला अमेरिकन वर्गीकरणात व्हर्टिसॉल म्हणतात, म्हणजे आपल्या काळ्या मातीचाच गट.

पाया_आणि_पाणी

लाहौलमध्ये फुगण्यापेक्षा गोठणं जास्त त्रास देतं. सिल्ट पाणी वर ओढते आणि गोठण्याच्या रेषेवर बर्फाची भिंगं वाढत जातात. मिश्र आकाराच्या मातीत ०.०२ मिमीपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांवर गेले की धोका, हा कॅसाग्रांडेचा जुना निकष. इथे तर बहुतेक माती त्यात येते. अमेरिकन लष्करी अभियंत्यांच्या वर्गवारीत पट्टेदार क्ले सर्वात वाईट गटात, एफ४ मध्ये आहे. पाया गोठण्याच्या खोलीखाली न्या, रस्त्याखाली ही माती काढून धुतलेली खडी भरा आणि खालून पाणी येणं तोडा. ट्यूब येताना गोठल्या नव्हत्या ना, तेही विचारा. गोठून वितळलेल्या नमुन्यावर शक्ती किंवा कन्सॉलिडेशनची (भाराखाली हळूहळू दबण्याची) चाचणी करू नका.

कन्सॉलिडेशनची रिंग २० मिमी उंच, तुमची जोडी १५ मिमीची. रिंगमध्ये एक जोडी आणि आणखी एक पूर्ण क्ले थर की एक जोडी आणि अर्धी सिल्ट, यावर दाबणं बदलतं. रिंगमधल्या प्रत्येक थराची जाडी लिहून ठेवा आणि ट्यूबभरच्या प्रमाणाशी जुळवा. वेळेचं गणित तर आणखी फसतं. सिल्टची पाणी वाहण्याची क्षमता क्लेच्या ५० पट धरली तर १० आणि ५ मिमीच्या जोडीत आडवा प्रवाह उभ्याच्या सुमारे १२ पट होतो. आडव्या दिशेने कापलेला एक नमुना केला नाही तर उभ्या निचऱ्याच्या वाती कुठे आणि किती लागतील ते कळणार नाही. खोदाईतही हाच थर पाणी आणतो: भिंतीतून सिल्टची रेघ गळते, क्लेची कड लोंबते आणि कोसळते. पाणी आधी खाली घ्या, मग खोदा.

शक्तीसाठी व्हेन चाचणीवर (मातीत पाती खुपसून फिरवण्याच्या) एकट्या विसंबू नका. व्हेन बहुतेक उभ्या पृष्ठभागावर माती कापतो, सिल्ट आणि क्ले दोन्ही. उतार मात्र घसरतो तो क्लेच्या आडव्या थरावरून. डायरेक्ट शिअरमध्ये (पेटीतला नमुना आडवा कापण्याच्या चाचणीत) ६० मिमीच्या पेटीची फट बरोबर गडद थराच्या मध्यावर आणा. ५ मिमीच्या थरात हे जमवायला दोन-तीन नमुने वाया जातील, जाऊ द्या.

वरचा वाळून कडक झालेला कवचासारखा थर पाहून खालच्या मातीचा अंदाज बांधू नका. विनिपेगजवळ ट्रान्सकोनाचं धान्याचं कोठार १८ ऑक्टोबर १९१३ रोजी धान्य भरताना सुमारे २७ अंश कलंडलं, ते अगासी सरोवराच्या याच मातीवर. भाराची चाचणी वरच्या घट्ट क्लेवर केली होती, मऊ क्ले तिच्याखाली होती. एसपीटीमध्ये (नळी ठोकून घाव मोजण्याच्या चाचणीत) एखाद्या ठिकाणी आकडा अचानक उसळला तर आधी रुतलेल्या खड्याचा संशय घ्या, घट्ट थराचा नाही.

बोअरलॉगमध्ये नाव असं लिहा: 'राखाडी, पट्टेदार, मऊ, फिकट सिल्ट (सीएल-एमएल) ८ ते १२ मिमी आणि गडद क्ले (सीएच) ४ ते ६ मिमी आलटूनपालटून, थर आडवे, गडद थराची सीमा तीक्ष्ण, २० मिमीपर्यंतचे तुरळक खडे, आम्लाने फसफसते की नाही.' कंसातली नावं आणि जाड्या तुमच्या वेगळ्या केलेल्या थरांच्या निकालांवरून भरा. एकत्र मळलेल्या नमुन्याचा सीआय खाली 'मिश्र नमुना' असं स्पष्ट लिहून द्या. भराव म्हणून ही माती खोदून वापरणार असतील तर तिथे तोच उपयोगी पडेल, कारण तिथे ती मिसळलेलीच असणार.